आपल्या बँडचा इतिहास आणि त्यातली एक दुरुस्ती



स्मरणिका समितीने माझ्याकडे ‘आपल्या बँडचा इतिहास’ मागितला तेव्हा मी हसून हो म्हटलं. दहावी १९९६ च्या आपल्या बॅचचा तो बँड जेमतेम सात महिने टिकला. स्टेजवर एकदाच चढला आणि लाईन गेली म्हणून दुसऱ्या गाण्याच्या मध्येच उतरला. दोन परिच्छेदांत काम होईल असं वाटलं होतं. पण मी बँडमधल्या चौघांना फोन केले आणि माझा धरून पाच इतिहास हाती आले. गिटार नेमकी कुणाची, पहिलं गाणं कोणतं, तालीम कुणाच्या ओसरीत व्हायची, कशावरच एकमत नाही. एका वाक्यावर मात्र सगळे ठाम : “गॅदरिंगला लाईन गेली नसती ना, तर आपण गाजलो असतो.”

मीही हे वाक्य तीस वर्षं सांगत आले आहे. ऑफिसात सांगितलं, मुलीला सांगितलं. मग आपल्या गिटारवाल्याच्या आईने ट्रंकेत जपून ठेवलेली एक कॅसेट त्याने मला पाठवली. टू-इन-वनवर टेप केलेल्या दोन तालमी, एक ‘ए’ बाजूला, एक ‘बी’ बाजूला. मी ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि शांतपणे ऐकली. त्यानंतर ते वाक्य मला परत म्हणता येईना.

या लेखात मी आपल्यापैकी कुणाचंही नाव घेतलेलं नाही. ज्याचं त्याला कळेल, आणि बाकीच्यांनाही कळायला वेळ लागणार नाही. बँडचं नावही लिहीत नाही. ते आम्ही तीनदा बदललं होतं, तिन्ही वेळा इंग्रजी आणि तिन्ही वेळा स्पेलिंग चुकलेलं. इंग्रजीच्या बाईंना तो त्रास पुन्हा नको.

माझं काम सॉफ्टवेअरचं. चालणारा प्रोग्राम अचानक बिघडला की आम्ही आधी विचारतो, शेवटचा बदल कोणता केला होता? बँडचा इतिहास लिहितानाही मी तोच रस्ता धरला. शाळासोबत्यांचे बँड दुसरीकडे कसे घडले ते आधी वाचलं आणि प्रत्येकाला चार प्रश्न लावले. वाद्यं कुठून आली? नक्कल कुणाची केली? नक्कल सुटून स्वतःचा आवाज कधी आला? आणि मागे कोण राहिलं?

सुरुवात अर्थातच लिव्हरपूलपासून. हे शहर आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. ते कापसाचं बंदर. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर आपल्या मुलखाकडे वळली. आपल्या जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा कापूस त्या काळी लिव्हरपूलच्या बाजारात नावानिशी ओळखला जायचा. पुढे शंभरेक वर्षांनी ज्या पोरांनी जग हलवलं त्यांच्यातल्या पॉल मॅकार्टनीचे वडील त्याच शहरात कापसाचे विक्रेते होते. फावल्या वेळात ते स्वतःचा छोटा जॅझ बँडही चालवत.

जॉन लेननने सोळाव्या वर्षी शाळेतल्या मित्रांना घेऊन बँड काढला. शाळेचं नाव क्वारी बँक, म्हणून बँडचं नाव ‘क्वारीमेन’. वाद्यांना पैसे कुणाकडेच नव्हते. त्या दिवसांत तिकडे ‘स्किफल’ नावाच्या गाण्यांचं वेड होतं, कारण ती घरातल्या सामानावर वाजवता यायची. चहाच्या रिकाम्या खोक्याला झाडूचा दांडा आणि एक दोरी लावली की झाला बेस. कपडे घासायच्या पत्र्याच्या फळीवर बोटात अंगुस्तानं घालून खरवडलं की झाला ताल. त्या फळीवर लेननचा जिवलग वर्गमित्र पीट शॉटन होता. ६ जुलै १९५७ रोजी वूल्टन भागातल्या चर्चच्या जत्रेत हा बँड वाजला आणि तिथे लेननची मॅकार्टनीशी ओळख झाली. मॅकार्टनीने पुढे आपल्या शाळेच्या बसमधला एक धाकटा मित्र आणला, जॉर्ज हॅरिसन. पुढचा बीटल्सचा इतिहास जगाला पाठ आहे.

मला त्यातली एक तबकडी महत्त्वाची वाटते. १९५८ साली या पोरांनी लिव्हरपूलमधल्या एका घरगुती स्टुडिओत पैसे देऊन एक तबकडी करून घेतली. तिच्या एका बाजूला अमेरिकन गायक बडी हॉलीच्या गाण्याची नक्कल आणि दुसऱ्या बाजूला स्वतः रचलेलं गाणं. प्रत एकच, म्हणून ती प्रत्येकाने आठवडा-आठवडा घरी ठेवायची असं ठरलं. शेवटी ती पियानो वाजवणाऱ्या शाळामित्राकडे, जॉन डफ लोकडे, राहिली ती तब्बल तेवीस वर्षं. १९८१ साली मॅकार्टनीने ती त्याच्याकडून विकत घेतली. त्यातली गाणी लोकांपर्यंत पोचली १९९५ च्या नोव्हेंबरात, बीटल्सच्या जुन्या ध्वनिमुद्रणांच्या संग्रहातून. म्हणजे आपण ओसरीत कॅसेट भरत होतो, त्याच हिवाळ्यात. एका बाजूला नक्कल आणि दुसऱ्या बाजूला स्वतःचं गाणं. हे वाचलं तेव्हा मी माझ्या टेबलावरच्या कॅसेटकडे पाहिलं.

चौथा प्रश्न उरतो. मागे कोण राहिलं? फळीवाला शॉटन आधी सुटला, कारण स्किफल गेलं आणि त्याबरोबर फळीही गेली. ड्रमवाला कॉलिन हँटन भांडण होऊन सुटला. नंतर दोन वर्षं पीट बेस्टने ड्रम सांभाळले. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये रात्र-रात्र वाजवून हा बँड घडला, ते सगळे दिवस तो सोबत होता. ऑगस्ट १९६२ मध्ये, पहिली अधिकृत तबकडी निघायच्या तोंडावर, त्याला काढलं आणि रिंगो स्टारला घेतलं. ते त्याला सांगितलं मॅनेजरने. तिघा मित्रांपैकी एकानेही तोंडाने सांगितलं नाही. १९९५ च्या त्याच संग्रहात पीट बेस्टने वाजवलेली काही गाणी आली आणि त्याचे पैसे त्याला मिळाले. तेहतीस वर्षांनी.

आता आपल्याकडे. गोव्यात रेमो फर्नांडिस यांनी शाळेत असताना मित्रांबरोबर ‘बीट फोर’ नावाचा बँड काढला होता. काळ १९६० च्या दशकाचा, गोवा नुकताच मुक्त झालेला. तिथे वाद्यांचा आणि नोटेशनचा दुष्काळ नव्हता. चर्चला जोडलेल्या शाळांतून पिढ्यान्पिढ्या मुलं व्हायोलिन आणि नोटेशन शिकत आली होती. मुंबईच्या हिंदी सिनेमाचे ऑर्केस्ट्रे ज्यांच्या जोरावर उभे राहिले ते अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसोझा याच मातीतले. अडचण वेगळीच होती. वाजवायला सगळं येत होतं, पण वाजवायचं ते विलायतेसारखं. शाळा संपली तशी मुलं पांगली. रेमो वास्तुशास्त्र शिकायला मुंबईला आले, तिथे ‘सॅव्हेजेस’ या नावाजलेल्या बँडमध्ये वाजवलं, मग युरोप आणि उत्तर आफ्रिकेत वाटेत मिळेल त्या गाडीला हात दाखवत हिंडले. स्वतःचा आवाज सापडला तो परत घरी आल्यावर. १९८४ साली त्यांनी ‘गोअन क्रेझी’ ही कॅसेट घरीच टेप केली. सगळी वाद्यं स्वतः वाजवली. गाणी इंग्रजीत, पण आतली माणसं, आतला विनोद सगळा गोव्याचा. मोठ्या कंपन्यांनी हात लावला नव्हता, म्हणून पिवळ्या स्कूटरवर कॅसेटी लादून दुकानोदुकानी स्वतः पोचवल्या. पुढच्याच वर्षी गोव्याच्या जुन्या गाण्यांची ‘ओल्ड गोअन गोल्ड’ आली. रेमो पुढे मोठे झाले, २००७ साली पद्मश्री मिळाली. पण शाळेतल्या त्या चौघांच्या बँडमध्ये जे सुटलं होतं ते त्यांनी शेवटी एकट्याने, चार ट्रॅक एकावर एक चढवून मिळवलं, हे वाचून मला कौतुक वाटलं आणि थोडं वाईटही.

तिसरं उदाहरण मुंबईचं. हे आम्हाला शाळेतच माहीत होतं, कारण गिटारवाल्याच्या आतेभावाकडून नागपूरहून त्यांची कॅसेट आली होती. ‘रॉक मशीन’. १९८४ साली सुरू झालेला बँड. त्यात उदय बेनेगल, महेश तिनईकर, मार्क सेल्विन, जयेश गांधी अशी नावं. आडनावं आपल्या हजेरीपटातली वाटावीत अशी आणि गाणी थेट विलायती. आम्हाला त्याचंच अप्रूप. त्या काळी बाहेरची गिटार, बाहेरचा अ‍ॅम्प्लिफायर आणायचा तर जकात एवढी की वाद्य मिळवण्यातच उमेदीची वर्षं जायची. मुंबईतल्या कार्यक्रमांतही लोकांना हव्या असायच्या विलायती बँडच्या हुबेहूब नकला. स्वतःचं गाणं लावलं की लोक चहा प्यायला उठायचे. अशा दिवसांत या मंडळींनी १९८८ साली सगळी स्वतःची गाणी असलेली कॅसेट काढली, ‘रॉक अँड रोल रेनेगेड’. १९९० मध्ये दुसरी आली. मात्र गाणी स्वतःची असली तरी आवाज अजून तिकडचाच होता. १९९३ साली त्यांनी बँडचं नावच बदललं, ‘इंडस क्रीड’ केलं आणि १९९५ च्या कॅसेटमध्ये गिटारच्या शेजारी आपल्याकडची वाद्यं आली. चांगलं चाललेलं नाव बदलायला छाती लागते. म्हणजे शब्द स्वतःचे व्हायला चार वर्षं आणि आवाज स्वतःचा व्हायला त्याहून कितीतरी जास्त.

या तिन्ही गोष्टींत मला एक सारखेपणा दिसला. नवीन वाद्य आलं म्हणून कुणाला स्वतःचा आवाज सापडला असं झालेलं नाही. तो सापडला तेव्हा हाताशी, घराशी, गावाशी आधीपासून असलेलं काहीतरी त्यांनी आत घेतलं होतं.

मग आपल्या पिपरीत हाताशी काय होतं?

सहाव्या माणसाबद्दल इथे सांगायला हवं. मी फोन चौघांना केले, कारण मला चौघेच आठवले. कॅसेट ऐकली तेव्हा पाचवा आठवला. मी धरून सहा.

जून १९९५ मध्ये आपण दहावीत गेलो आणि कारला रोडच्या बाजूला एका ओसरीत आमची जमवाजमव सुरू झाली. गिटार सीताबर्डीवरून आणलेली, जुनी, एक खुंटी फिरणारी. ड्रम म्हणजे शाळेच्या बँडपथकातला, २६ जानेवारीच्या परेडला वाजतो तो. पी.टी.च्या सरांनी “फाटला तर भरून देणार” असं लिहून घेऊन दिला. सर, तो फाटला नाही, याची इथे नोंद व्हावी. माझ्याकडे आजोबांची पेटी. गाणारे दोघं, एक मुलगा, एक मुलगी. गाणी लिहायचा तो मुलगा, आपल्या वऱ्हाडी बोलीत, आणि ती ऐकून आम्हालाच हसू यायचं. आणि सहावा खंजेरी वाजवायचा. त्याचे वडील गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात बसत, त्यांची खंजेरी तो मागून आणायचा.

खंजेरी म्हणजे आपल्या भागात कुणाला समजावून सांगायची गोष्ट नाही, पण बॅचमधले निम्मे आता पुण्या-बंगळूरला आणि काही परदेशात आहेत, त्यांच्या मुलांसाठी सांगते. लाकडी कडं, एका बाजूला ताणलेलं कातडं आणि कड्याच्या खाचांत धातूच्या चकत्या. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) हे एवढंसं वाद्य घेऊन विदर्भातली गावंच्या गावं जागी केली. १९३६ साली गांधीजींनी त्यांना सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, बोलावून घेतलं होतं. आपल्या शाळेपासून सायकलने जाता येईल एवढ्या अंतरावर त्या खंजेरीची भजनं झालेली आहेत. १९४२ च्या चळवळीत इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं. १९५५ साली ते जपानला विश्वशांतीच्या परिषदेला गेले तेव्हाही सोबत खंजेरी होतीच.

या वाद्याची ताकद कशात आहे ते मला इंजिनिअर झाल्यावर कळलं. माणसाच्या कानाला साधारण २००० ते ५००० हर्ट्झ या पट्ट्यातला आवाज सगळ्यात लवकर ऐकू येतो. चकत्यांची किणकिण त्याच उंच पट्टीत राहते, म्हणून गर्दीच्या गलबल्यातूनही ती माईकशिवाय लांब पोचते. कातड्याचा ठोका खालचा, चकत्यांचा आवाज वरचा, म्हणजे ड्रमसेटमधला ड्रम आणि झांज दोन्ही एका हातात. आणि खंजेरी भजनाची घडण पाहा. पुढे एक जण ओळ टाकतो, मागचे ती झेलतात, झेलताना थोडी वाढवून परत देतात. रॉक संगीताचं मूळ शोधत गेलं तर ते अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लूज गाण्यांत सापडतं, आणि ब्लूजची मुळं कापसाच्या शेतांतल्या आणि चर्चमधल्या गाण्यांत. तिथेही हीच रीत, एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी ओ द्यायची. आमच्या ओसरीत कुणालाही हे माहीत नव्हतं. त्या खंजेरीवाल्याला तर आम्ही ‘भजनवाला’ म्हणून चिडवायचो.

आता कॅसेटची ‘ए’ बाजू. पावसाळा आहे, पत्र्यावर सर ऐकू येते. मध्येच कागद पेटल्याचा चरचर आवाज आहे. ओलाव्याने कातडं सैल पडायचं, म्हणून तो वर्तमानपत्र पेटवून खंजेरी शेकायचा. कुणाची तरी आई चहाला हाक मारते. मग गाणं सुरू होतं, आपल्याच मुलाने लिहिलेलं, शाळेच्या रस्त्यावरच्या चिखलात फसलेल्या सायकलचं. गिटार बेसूर आहे, पेटी माझी, तीही फारशी बरी नाही. पण खंजेरी गाणाऱ्याच्या श्वासावर चालते. तो ओळ विसरतो तेव्हा ती एक फेरी जागच्या जागी फिरते, त्याला वेळ देते, आणि ओळ आठवली की चकत्या झणकारून त्याला पुढे ढकलते. कॉम्प्युटरवर मोजलं तर सुरुवातीला मिनिटाला ९६ च्या आसपास ठोके आहेत, मधल्या कडव्यात थोडे मागे येतात, शेवटी १०८ पर्यंत जातात. सगळे एकदम मागे येतात आणि एकदम पुढे जातात. परेडचा ड्रम खंजेरीला ओ देतो, आणि दुसरी गाणारी ओळ झेलताना चक्क हसते. शेवटी सगळेच हसतात.

हा आवाज दुसऱ्या कुठल्याही बँडसारखा नाही. चांगला होता असं मी म्हणत नाही. आपला होता.

‘बी’ बाजू दिवाळीनंतरची. मधे एक बदल झाला होता. माझ्या मामाने मुंबईहून मला कीबोर्ड आणून दिला. त्यात ताल तयार असायचे. बटण दाबलं की डिस्को, दुसरं दाबलं की वॉल्ट्झ, आणि एका बटणावर तर ‘रॉक’ असंच लिहिलेलं. आम्ही रॉक बँड आहोत याला आणखी काय पुरावा हवा होता? टीव्हीवर केबल आली होती, नागपूरहून आलेली ती कॅसेट घासून पातळ झाली होती आणि गॅदरिंगमध्ये आम्हाला तसंच दिसायचं होतं. खंजेरी त्यात बसेना. ‘बी’ बाजूला ताल १०० वर सुरू होतो आणि १०० वरच संपतो, एका ठोक्याचा फरक नाही. गाणारा ओळ विसरतो, यंत्र थांबत नाही, तो दोन ओळी मागे पडतो आणि धावत येऊन गाडी पकडल्यासारखा पुन्हा मिसळतो. कुणी हसत नाही. गाणंही आपलं नाही, हिंदी सिनेमातलं आहे. वऱ्हाडी गाणं स्टेजवर बरं दिसणार नाही असं ठरलं होतं.

गॅदरिंगची यादी करायची होती. कोण कोण स्टेजवर, नावं लिहून वर्गशिक्षिकेला द्यायची. यादीत पाच नावं गेली. खंजेरीवाल्याने विचारलं तेव्हा आम्ही म्हणालो, “अरे, तुझं नाव लिहायचं राहूनच गेलं.” ते राहिलं नव्हतं. आम्ही पाचांनी ठरवलं होतं आणि यादी माझ्या अक्षरात होती. पीट बेस्टच्या मित्रांपेक्षा आम्ही एवढेच बरे की आमच्याकडे मॅनेजर नव्हता.

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून तालमीला आला नाही, एवढंच.

बाकीचं तुम्ही सगळ्यांनी पाहिलंच आहे. दुसरं गाणं अर्ध्यावर आलं आणि लाईन गेली. कीबोर्ड मेला. त्यात सेल घालायची सोय होती, पण सेल आणायचं कुणाला सुचलं नव्हतं. माईक गेला. मांडवात अंधार, पोरांच्या शिट्ट्या, आणि आम्ही पाच जण हात लोंबकळत उभे. ड्रमवाल्याला एकट्याला काय वाजवावं ते कळेना, कारण दोन महिने त्याने फक्त यंत्राच्या मागे जायची सवय केली होती. खंजेरीवाला समोर सतरंजीवर तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसला होता, ते मला आठवतं. त्या दिवशी त्याच्याकडे खंजेरी होती की नव्हती ते माहीत नाही. आमच्यापैकी कुणी त्याला हाक मारली नाही, हे नक्की माहीत आहे.

तेव्हा दुरुस्ती अशी. लाईन गेल्यामुळे आपला बँड बुडला, हे तीस वर्षं चाललेलं वाक्य खरं नाही. खंजेरीला लाईन लागत नाही. ज्या पावसाळ्यात आम्ही सहा जण होतो, तेव्हा आम्हाला आमचा आवाज सापडला होता, आणि तो आमच्या लक्षातच आला नाही, कारण तो टीव्हीवरच्यासारखा नव्हता. शेवटचा बदल कोणता केला होता या प्रश्नाचं उत्तर ‘कीबोर्ड आणला’ असं मी आधी लिहिलं होतं. ते खोडलं. कीबोर्ड आणून चूक झाली नाही. तो आणि खंजेरी दोन्ही ठेवता आले असते, इंडस क्रीडने गिटारच्या शेजारी केलं तेच. चूक झाली ती त्या यादीत.

हे सगळं लिहून झाल्यावर मी त्याचा नंबर शोधला आणि फोन केला. तो वर्ध्यातच असतो. दर गुरुवारी भजनाला बसतो. मी यादीचं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाला, “यादी तुह्या अक्षरातली होती, ते मले तवाच समजलं होतं.”

मी विचारलं, “तेव्हाच का नाही बोललास?”

“तुमी पाच जन होते ना.”

यावर मला काही सुचलं नाही. मी ‘ए’ बाजूची टेप त्याला फोनवर पाठवली. रात्री त्याचा उलट फोन आला. ओळ विसरल्यावर तो खंजेरी कशी फिरवतो ते त्याने स्वतः पहिल्यांदाच ऐकलं होतं. ती युक्ती वडिलांची, म्हणाला, भजनात म्हातारी माणसं ओळ विसरतात तेव्हा ते तसंच करायचे. मी विचारलं, ती खंजेरी आहे का अजून? म्हणाला, कातडं दोनदा बदललं, कडं तेच आहे.

स्नेहमेळाव्याला तो येणार आहे आणि खंजेरी आणणार आहे. सायकलच्या गाण्याचे शब्द आपल्या कवीला अर्धेच आठवतात, म्हणून मी टेपवरून उतरवून ठेवले आहेत. परेडच्या ड्रमसाठी पी.टी.च्या सरांना पुन्हा अर्ज करते आहे, ‘फाटला तर भरून देणार’ या अटीसकट.

आणि समितीला एक विनंती. या स्मरणिकेत जिथे कुठे आमच्या बँडचा फोटो छापाल तिथे खाली कृपया असं लिहा : फोटोत पाच जण दिसतात, बँडमध्ये सहा होते.